'वारं' कोठून येते आणि ते कसे अडवावे: अनियमित ठोक्यांच्या रुग्णांसाठी अर्धांगवायू टाळण्याचे मार्गदर्शन

कोल्हापूर भागात अर्धांगवायू झालेल्या माणसाविषयी 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणतात. वारे कोठून येते ते कळत नाही आणि ते अडवताही येत नाही, असा त्या बोलण्याचा सूर असतो. परंतु ज्यांच्या हृदयाचे ठोके 'एट्रियल फिब्रिलेशन' या विकारामुळे अनियमित पडतात, त्यांच्या बाबतीत हे वारे बहुतेक वेळा कोठून येते ते नेमके ठाऊक आहे. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला बोटाएवढी एक लहानशी पिशवी जोडलेली असते. या विकारात वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी मिनिटाला साडेतीनशेहून अधिक वेळा नुसते थरथरतात, त्यामुळे त्या पिशवीतले रक्त ओढ्याच्या वळणावरील पाण्यासारखे संथ होते आणि तेथे गुठळी धरते. झडपेचा मोठा दोष नसलेल्या रुग्णांत दहापैकी सुमारे नऊ गुठळ्या याच पिशवीत तयार होतात. गुठळी सुटली की ती रक्ताबरोबर मेंदूपर्यंत जाते आणि तेथील रक्तवाहिनी बंद करते. गुठळी मोठी असल्याने असा झटकाही बहुधा मोठा असतो.

या विकारामुळे अर्धांगवायूचा धोका सुमारे पाचपट होतो. तरीही हा टाळता येण्याजोग्या आजारांपैकी एक आहे, कारण रक्त गोठण्याची क्रिया मंदावणारी गोळी नियमित घेतल्यास धोका जवळजवळ दोन तृतीयांशाने कमी होतो. या वाक्यातला सर्वांत वजनदार शब्द 'नियमित' हा आहे. झटका येऊन दाखल झालेल्या अशा रुग्णांच्या घरी चौकशी केली की मला पुष्कळदा एक खंड सापडतो. कोणी दात काढायचा म्हणून गोळी थांबवलेली असते, कोणाची गोळी गावी जाताना पिशवीत राहिलेली असते, तर कोणाला बरे वाटू लागल्याने ती अनावश्यक वाटलेली असते. म्हणून या लेखात गोळी कोणती याइतकाच भर ती कशी चुकते यावर दिला आहे.

नाडी पाहणे आणि निदान पक्के करणे

कित्येक रुग्णांना छातीत धडधड, दम किंवा चक्कर यांपैकी काहीच जाणवत नाही, आणि त्यांच्या आजाराची पहिली खूण थेट अर्धांगवायू ही असते. यासाठी वयाची ६५ वर्षे ओलांडलेल्या प्रत्येकाने, तसेच रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी, अधूनमधून नाडी पाहण्याची सवय लावावी. पाच मिनिटे शांत बसावे, मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस दुसऱ्या हाताची दोन बोटे हलकेच ठेवावीत आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची घाई येथे चालत नाही, कारण आकड्यापेक्षा ताल महत्त्वाचा आहे. लेझीमचा ताल चुकला की न शिकलेल्यालाही कळते, तसेच हे आहे. एखादा ठोका मधूनच चुकणे वेगळे, आणि एकाही ठोक्याचे अंतर पुढच्याशी न जुळणे वेगळे. दुसऱ्या प्रकारची नाडी आढळल्यास त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईसीजी, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तो कार्डिओग्राम, काढून घ्यावा.

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या अनेकांच्या मनगटावर आता ठोक्यांची सूचना देणारी घड्याळे दिसतात. अशी सूचना दुर्लक्षू नये, पण तिच्या आधारावर गोळीही सुरू करू नये. निदानासाठी ईसीजीचा प्रत्यक्ष आलेख डॉक्टरांनी पाहावा लागतो. विकार येऊन-जाऊन होत असेल तर दवाखान्यात काढलेला कार्डिओग्राम अगदी नॉर्मल येऊ शकतो, आणि अशा वेळी २४ तास किंवा त्याहून अधिक काळ नोंद करणारे होल्टर यंत्र बांधावे लागते. येऊन-जाऊन होणाऱ्या प्रकारातही अर्धांगवायूचा धोका असतोच, त्यामुळे 'आता ठोके नीट पडत आहेत' हे गोळी न घेण्याचे कारण ठरत नाही.

निदान झाल्यावर तीन चाचण्या राहिल्या असतील तर त्या आग्रहाने करून घ्याव्यात. पहिली थायरॉईडची, कारण थायरॉईड ग्रंथीचे काम वाढल्यानेही ठोके बिघडतात. दुसरी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) आणि हिमोग्लोबिनसह रक्ताची, कारण गोळीचा डोस मूत्रपिंडावर अवलंबून असतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे इको, अर्थात हृदयाची सोनोग्राफी.

इकोमध्ये झडप कशी आहे?

पुढचा सगळा मार्ग या एका प्रश्नावर फुटतो. लहानपणी घसा दुखून सांधे सुजण्याचा ताप, म्हणजे संधिवाती ताप, येऊन गेलेल्यांची डावीकडील मायट्रल झडप पुढे अरुंद होऊ शकते. पाश्चात्त्य देशांत हा आजार आता दुर्मीळ झाला आहे; आपल्याकडे मात्र चाळिशीतल्या स्त्रियांतही तो आढळतो. झडप मध्यम किंवा जास्त अरुंद असेल, अथवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर गुणांचा हिशेब न करता गोळी लागतेच, आणि तीही जुन्या वर्गातील, म्हणजे वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल. नवीन गोळ्या सोयीच्या असल्या तरी या दोन गटांत त्या चालत नाहीत. धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रान हे नवे औषध वापरून पाहिले तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले. संधिवाती झडपेच्या रुग्णांत रिव्हारॉक्सॅबॅन या दुसऱ्या नव्या गोळीची जुन्या गोळ्यांशी तुलना करणारा मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही जुन्या गोळ्याच सरस ठरल्या. शेजारच्या आजोबांना नवी गोळी मिळाली म्हणून आपल्या आईचीही बदलून मागणाऱ्या मुलांनी आधी इकोचा कागद काढून पाहावा.

धोक्याचे गुण कसे मोजतात

झडपेचा असा दोष नसल्यास डॉक्टर 'चॅड्स-व्हॅस्क' नावाचा हिशेब करतात, आणि तो घरीही समजून घेता येतो. हृदय कमजोर असणे, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि पूर्वीचा हार्ट ॲटॅक किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार यांना प्रत्येकी १ गुण मिळतो. वय ६५ ते ७४ असल्यास १ गुण आणि ७५ किंवा अधिक असल्यास २ गुण धरतात. पूर्वी अर्धांगवायू किंवा काही मिनिटांत बरा झालेला छोटा झटका येऊन गेला असल्यास २ गुण होतात. स्त्रियांना पूर्वी एक गुण अधिक देत असत, पण युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तो वगळला आहे. तो गुण न धरता बेरीज २ किंवा अधिक आल्यास गोळी घ्यावी, १ आल्यास डॉक्टरांशी बोलून ठरवावे आणि शून्य आल्यास सहसा गरज नसते.

उदाहरणार्थ, कागलकडच्या ७६ वर्षांच्या, रक्तदाब आणि साखर असलेल्या एखाद्या आबांची बेरीज ४ होते. ते रोज सायकलवरून शेतात जातात आणि त्यांना काहीही त्रास नाही, म्हणून हे चार गुण कमी होत नाहीत. घरच्यांना नेमके हेच पटवणे सर्वांत अवघड जाते.

येथे ॲस्पिरिनविषयीही सांगणे आवश्यक आहे. 'रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे' असे म्हणणारा रुग्ण पुष्कळदा फक्त ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेत असतो. त्या गोळ्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी उपयोगी आहेत, परंतु थरथरत्या कप्प्यातील गुठळी रोखण्यास त्या अपुऱ्या पडतात आणि रक्तस्रावाचा धोका मात्र आणतात. आपल्या गोळीवरचे नाव वाचावे आणि ती नेमकी कोणत्या कामाची आहे हे पुढच्या भेटीत विचारावे.

नवीन गोळ्या घेताना

डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन आणि एडॉक्सॅबॅन या चार गोळ्यांना आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या चाचणीची) तपासणी लागत नाही, आणि मेंदूतील रक्तस्राव त्यांच्याने वॉरफॅरिनपेक्षा कमी होतो. पेटंटची मुदत संपल्यानंतर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किमती बऱ्याच उतरल्या, त्यामुळे पूर्वी केवळ पैशांसाठी जुनी गोळी चालू ठेवलेल्यांनी पुन्हा विचारून पाहण्यास हरकत नाही.

यांचा असर साधारण एका दिवसात उतरतो. हाच त्यांचा गुण आणि हाच त्यांचा धोका आहे, कारण दोन दिवस गोळी चुकली तर रुग्ण गोळी न घेणाऱ्यासारखाच असुरक्षित होतो. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी विसरल्यास सहा तासांपर्यंत आठवताच घ्यावी, एकदा घ्यायची असल्यास बारा तासांपर्यंत घ्यावी. त्याहून उशीर झाला असेल तर ती सोडून पुढची वेळेवर घ्यावी आणि भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत.

रिव्हारॉक्सॅबॅनची १५ आणि २० मिलिग्रॅमची गोळी पोटभर जेवणासोबतच नीट शोषली जाते. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस किंवा उठता-बसता उपवास करणाऱ्या कुटुंबांत हा मुद्दा किरकोळ नाही. कपभर दूध आणि केळ्यावर घेतलेली गोळी पूर्ण काम करील याची खात्री नसते, म्हणून उपवासाचे दिवस आधीच डॉक्टरांना सांगून दिवसातील सर्वांत मोठ्या फराळाबरोबर ती घ्यावी किंवा दुसरी गोळी चालेल का ते विचारावे. अपिक्सॅबॅन आणि डॅबिगॅट्रानला जेवणाचे बंधन नाही, पण डॅबिगॅट्रानने काहींच्या पोटात जळजळ होते. तिची कॅप्सूल फोडून पाण्यात मिसळू नये आणि मूळ वेष्टनातून काढून डबीत भरून ठेवू नये, कारण ती दमटपणाने खराब होते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लवकरच.

डोस कमी करण्याची घाई हा आणखी एक दोष आहे. अपिक्सॅबॅनची ५ मिलिग्रॅमची गोळी २.५ वर आणण्यासाठी वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी आणि क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, या तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. नुसते 'म्हातारं माणूस आहे, अर्धीच देऊ' असे म्हटल्याने रक्तस्रावाची भीती थोडी कमी होते आणि गुठळीचा धोका परत येतो. मूत्रपिंडाची तपासणी निदान वर्षातून एकदा आणि ७५ नंतर दर सहा महिन्यांनी करावी. डॉक्टरांनी काढलेला क्रिएटिनिन क्लिअरन्सचा आकडा ६० पेक्षा कमी असेल तर त्याला १० ने भागून जो आकडा येईल तितक्या महिन्यांनी तपासणी करावी, असा एक सोपा नियम वापरला जातो.

वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल घेताना

वॉरफॅरिनचा जन्म गमतीदार आहे. सडलेला 'स्वीट क्लोव्हर' चारा खाऊन अमेरिकेत गुरे रक्तस्रावाने मरू लागली, त्या चाऱ्यातील द्रव्याच्या शोधातून हे औषध निघाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी विकले गेले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. 'उंदराचं औषध देता होय?' असे कोणी विचारल्यास माहिती खरी आहे असे मी सांगतो, आणि सगळा फरक मात्रेचा आहे हेही सांगतो. ती मात्रा आयएनआर या रक्तचाचणीने ठरते. बहुतेकांचा आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान हवा. धातूच्या मायट्रल झडपेसाठी तो सामान्यतः थोडा वर, म्हणजे २.५ ते ३.५ ठेवतात. सुरुवातीस दर काही दिवसांनी आणि स्थिर झाल्यावर साधारण महिन्याने तपासणी लागते. एका वहीत तारीख, आयएनआर आणि त्या दिवशी ठरलेली मात्रा लिहावी. या गोळ्या १, २, ३, ४ अशा वेगवेगळ्या मिलिग्रॅमच्या मिळतात आणि पाकिटे सारखीच दिसतात, त्यामुळे दुकानातून आणल्याबरोबर आकडा वाचणे ही घरातल्या एका ठरावीक माणसाची जबाबदारी असावी.

पालेभाज्या बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. मेथी, पालक, शेपू, चाकवत, हरभऱ्याचा पाला आणि कोथिंबीर यांतील के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करते हे खरे, परंतु मात्रा आपल्या नेहमीच्या आहारावरच बसवलेली असते. आठवड्यात जितक्या वेळा भाजी खाता तितक्याच वेळा खात राहावे. अडचण येते ती एकदम बदल झाल्यावर: थंडीत मंडईत मेथीचे ढीग लागले आणि पंधरा दिवस रोज मेथीच झाली, तर आयएनआर खाली येतो, ताप आला, जेवण तुटले, तर तो वर जातो. तांबड्या-पांढऱ्या रश्शाचे या गोळीशी वाकडे नाही. त्यातील मीठ आणि त्यासोबतची बैठक यांचे आहे, कारण एकाने रक्तदाब वाढतो आणि दारूने आयएनआर, ठोके आणि गोळीची वेळ तिन्ही बिघडतात.

दुखण्याचे इंजेक्शन आणि इतर औषधे

ऊसतोडणीच्या हंगामात कंबर धरली की गावातल्या दवाखान्यात जाऊन एक इंजेक्शन घेण्याची रीत आहे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने ते टाळावे. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाने पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि स्नायूत दिलेल्या सुईने आत रक्त साकळू शकते. दुखण्यासाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल मर्यादेत घ्यावे. याला एक अपवाद आहे. संधिवाती झडपेच्या रुग्णांना दर तीन आठवड्यांनी दिले जाणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन स्वतःहून बंद करू नये, आयएनआर तपासून ते पुढे चालू ठेवता येते.

मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमॉक्सॅझोल, फ्लुकोनॅझोल आणि ठोक्यांसाठीच दिले जाणारे अमिओडॅरोन ही औषधे वॉरफॅरिनचा परिणाम वाढवतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फिटीवरील फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन यांनी जुन्या व नव्या दोन्ही गोळ्यांचा परिणाम घटतो. काढे, जडीबुटीच्या पुड्या आणि हळदीच्या कॅप्सूल यांतील मात्रा ठरलेली नसते, म्हणून त्या न घेतलेल्या बऱ्या. रोजच्या भाजी-आमटीतील हळदीला मात्र घाबरण्याचे कारण नाही.

गोळी थांबवण्याचा प्रसंग आल्यास

एक दात काढण्यासाठी सहसा गोळी बंद करावी लागत नाही. वॉरफॅरिन घेणाऱ्याने आदल्या दिवशी आयएनआर पाहावा आणि दंतवैद्याला आधी कल्पना द्यावी म्हणजे तो टाके, दाब व औषधी गुळण्यांची तयारी ठेवतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतही, विशेषतः केवळ थेंब टाकून भूल देणार असल्यास, ती बहुधा चालू ठेवता येते. हर्नियासारख्या शस्त्रक्रियेसाठी नवीन गोळी साधारण एक ते दोन दिवस आणि वॉरफॅरिन पाच दिवस आधी थांबवतात, मूत्रपिंड कमजोर असल्यास डॅबिगॅट्रान त्याहून आधी. थांबवण्याची तारीख सगळ्यांच्या लक्षात राहते, पुन्हा सुरू करण्याची राहत नाही. म्हणून 'बंद कधी' आणि 'सुरू कधी' या दोन्ही तारखा शस्त्रक्रियेआधीच एका कागदावर लिहून घ्याव्यात.

ठोके ताळ्यावर आणण्यासाठी विजेचा झटका दिल्यानंतर निदान चार आठवडे आणि कॅथेटरने (रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने) अब्लेशन, म्हणजे ठोके बिघडवणारा भाग निकामी, केल्यानंतर निदान दोन महिने गोळी सुरूच ठेवावी लागते. पुढचा निर्णय ठोक्यांवरून नव्हे, तर वरील गुणांवरून होतो. ज्यांना गंभीर रक्तस्राव होऊन गेल्याने गोळी देताच येत नाही, त्यांच्यासाठी कॅथेटरने ती पिशवी बंद करणारे उपकरण बसवण्याचा मार्ग आहे. तो खर्चिक आहे आणि गोळीचा कंटाळा आला म्हणून निवडण्याजोगा नाही.

नाकातून रक्त आले, दात घासताना हिरड्या लाल झाल्या, हातावर निळा डाग पडला, एवढ्यावरून गोळी सोडू नये. नाकासाठी पुढे वाकून बसावे, नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटे सलग दाबून धरावा आणि मध्ये सोडून पाहू नये. डांबरासारखी काळी शौचास, लाल लघवी, रक्ताची उलटी किंवा न थांबणारा रक्तस्राव झाल्यास मात्र त्वरित रुग्णालय गाठावे. डोक्याला मार लागल्यास, माणूस बोलत-चालत असला तरीही, त्याच दिवशी दाखवून सीटी स्कॅनविषयी विचारावे. रक्तदाब १३०/८० च्या आसपास राखल्याने गुठळी आणि मेंदूतील रक्तस्राव या दोन्हींचा धोका घटतो. अनियमित नाडीत घरचे यंत्र दर वेळी वेगळा आकडा दाखवते, म्हणून तीनदा मोजून सरासरी धरावी.

पावसाळ्यासाठी वेगळी तयारी हवी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी चढले, रस्ते तुटले आणि औषध आणायला बाहेर पडणेही अशक्य झाले. शिरोळ, करवीर, हातकणंगले येथील नदीकाठच्या घरांनी जूनपासून किमान महिन्याच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत, वेष्टनासह, उंचावर ठेवाव्यात आणि घर सोडताना ती पिशवी कागदपत्रांसोबत घ्यावी.

तरीही झटका आल्यास

तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा न समजणे, अचानक तोल जाणे, अचानक दिसेनासे होणे, यांपैकी एक खूण पुरेशी आहे. लगेच १०८ ला फोन करावा. पाच मिनिटांत बरे वाटले तरी थांबू नये, कारण तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. तेल चोळणे, पाणी पाजणे आणि घरातली ॲस्पिरिन तोंडात घालणे हे तिन्ही टाळावे. झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यामुळे सीटी स्कॅनची आणि या इंजेक्शनची चोवीस तास सोय कोठे आहे हे आजच विचारून ठेवावे. शहरालगतच्या माणसाला सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, किंवा जवळचे मोठे रुग्णालय सोयीचे पडेल. चंदगडकडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ आहे, तेव्हा जिल्ह्याची हद्द पाहत बसू नये. गगनबावड्याहून निघणाऱ्याने वाटेत सीटी नसलेल्या दवाखान्यात सलाईनसाठी थांबू नये.

रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टर दोन गोष्टींची वेळ विचारतील. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, आणि रक्त पातळ करणारी शेवटची गोळी किती वाजता घेतली होती. दुसऱ्या उत्तरावर इंजेक्शन देता येईल की कॅथेटरने गुठळी ओढून काढावी लागेल हे बऱ्याच अंशी ठरते. म्हणून गोळीचे नाव, मात्रा, घेण्याच्या वेळा, मूत्रपिंडाचा शेवटचा अहवाल आणि झडपेची माहिती एका जाड कागदावर लिहून तो रुग्णाच्या पाकिटात ठेवावा, आणि निघताना चालू स्ट्रिप बरोबर घ्यावी.